पाणी सरकारचें, साखर कंपनीची, जमीन कोणाची?

इ. स. १८७९ या एका सालांत दक्षिणेंतील शेतकऱ्याच्या संसारावर दूरवर परिणाम करणारे दोन कायदे झाले. त्यांपैकीं पहिल्याची माहिती इतिहासाच्या विद्यार्थ्यांस असते. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं, आणि ती आग बघतां बघतां पारनेर, श्रीगोंदें या नगरच्या तालुक्यांतही पोंचली. त्या दंग्यांची चौकशी होऊन पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सावकाराच्या तावडींतून सोडविण्यासाठीं जो कायदा झाला, तोच हा पहिला कायदा. दुसऱ्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. तो मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा. एखाद्या नदीचें पाणी अमुक दिवसापासून सरकार कालव्याच्या कामीं लावणार आहे अशी जाहीर सूचना काढली कीं त्या पाण्यावर सरकारी अंमलदाराचा अधिकार चालूं लागावा, अशी त्यांत तरतूद होती. कर्जाचा कागद सावकाराच्या पेटींत असे, तो निदान मागून पाहतां तरी येत होता. नदीवरच्या मालकीचा कागद कधीं लिहिला गेला हें नदीकाठच्या कुणब्याला कळलेंसुद्धां नसेल.

नगर जिल्हा, ज्याचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर असें झालें आहे, तो पावसाच्या बाबतींत मोठा विचित्र आहे. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत कळसूबाई, रतनगड, घाटघर या डोंगराळ भागांत दोनशें इंचांच्या घरांत पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सपाटीवर उतरावें तों वीस-बावीस इंचांवर वर्ष काढावें लागतें, आणि तेवढाही वेळेवर पडेल याची शाश्वति नसते. १८७६-७७ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि त्याची धाप निवते न निवते तोंच १८९९-१९०० चा, अशा तीन तडाख्यांनीं ही सपाटी खिळखिळी झाली. १९०१ सालीं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं पाटबंधाऱ्यांचें कमिशन बसलें. १९०३ पर्यंत त्याचें काम चाललें. सह्याद्रींत पडणारें पाणी खोऱ्यांतच अडवून दुष्काळी मुलखाकडे न्यावें, हा विचार तेव्हांपासून दृढ झाला.

प्रवरेवर भंडारदरा येथें १९१० सालीं काम सुरू झालें तें १९२६ सालीं पुरें झालें. सुमारें २७० फूट उंचीची दगडी भिंत आणि तिच्या मागें अकरा अब्ज घनफूट पाणी! हिंदुस्थानांतील मोठ्या धरणांत त्या काळीं याची गणना होई. १० डिसेंबर १९२६ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें उद्घाटन झालें आणि धरणास त्यांचेंच नांव मिळालें. तसा तेव्हां रिवाजच होता; भाटघरच्या धरणालाही एका गव्हर्नराचेंच नांव पडलें. नांवें कांहींही असोत, योजना मात्र मोठ्या कुशलतेची होती. धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्याच पात्रांतून संगमनेर तालुक्यांतील ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें, आणि तेथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. डोंगरांत पडलेल्या पावसानें मैलोगणती दूरची कोरडी काळी जमीन भिजावी, ही गोष्ट ज्यांनीं प्रथम पाहिली त्यांना ती चमत्कारासारखीच वाटली असली पाहिजे. श्रोत्यांपैकीं ज्यांचें शेत कालव्याखालीं असेल त्यांना पाण्याची पाळी, पाटकरी, चारीचें दार आणि पाणीपट्टी हे शब्द समजावून सांगावयास नकोत.

परंतु येथेंच एक अडचण उभी राहिली. ती कोणाच्या दुष्टपणांतून निघाली असें म्हणतां येणार नाहीं. ती हिशेबाच्या वहींतून निघाली. धरणाला लागलेल्या पैशावर सरकारास व्याज सुटावयास पाहिजे होतें. ज्वारी-बाजरी करणारा शेतकरी पाऊस बरा झाला कीं पाणी मागत नसे, आणि पाऊस गेला कीं सारेच एकदम मागत. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचें उत्पन्न कसें बांधावें? ऊस मात्र बारा महिने उभा असतो. आडसाली तर सोळा-अठरा महिने. त्याला पाळीमागून पाळी पाणी लागतें आणि तो पाणीपट्टीही भरपूर देतो. विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरेच्या कालव्यावर ब्लॉकची पद्धति घातली, तिच्यांत ऊस व इतर पिकें यांचा फेर धरून पाणी जास्तींत जास्त शेतांवर पसरावें असा चांगला हेतु होता. तरी उसाचें वजन कमी झालें नाहीं. दुष्काळाच्या नांवानें बांधलेल्या कालव्याचा जमाखर्च जुळवावयाचा तर उसावांचून गत्यंतर नाहीं, हें एकदां मान्य झालें, आणि मग पुढच्या गोष्टी ओघानेंच आल्या.

ऊस करावयाचा तर भांडवल पाहिजे. बेणें, पेंडीचें खत, मजुरी, गुऱ्हाळ, काहील, आणि गूळ विकला जाईपर्यंत धीर. हा धीर कोरडवाहू कुणब्याजवळ कोठून असणार? सासवडकडील माळी समाजांतील कसबी बागाईतदार नव्या कालव्यांवर आले. त्यांनीं जमिनी खंडानें घेतल्या आणि ऊस कसा करावा हें येथल्या शेतकऱ्यास डोळ्यांसमोर करून दाखविलें. त्यांच्या पाठोपाठ कंपन्या आल्या. १९१९ च्या सुमारास बेलापूर कंपनी निघाली. तिची व्यवस्था ब्रॅडी या मुंबईच्या इंग्रज पेढीकडे होती, आणि कारखाना हरेगांव येथें उभा राहिला. १९१८ च्या सुमारास त्या बाजूच्या नऊ गांवांतील सात हजारांहून अधिक एकर जमीन सरकारनें आपल्या हातीं घेतली आणि ती कंपनीस पट्ट्यानें मिळाली. याखेरीज शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या मुदतीनें खंडानें घेण्याचा प्रघात कालव्यांवर पडला तो निराळाच. कालव्याचें पाणी खपावें आणि वसूल निश्चित यावा ही सरकारची गरज. एका तुकड्यांत हजारों एकर ऊस मिळावा ही कंपनीची. दोन गरजांचा असा मेळ बसला कीं तिसऱ्यास विचारण्याचें कारण उरत नाहीं.

याच वर्षांत शेजारच्या पुणें जिल्ह्यांत हाच प्रश्न उघड लढ्याच्या रूपानें उभा राहिला. त्याची हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, त्या लढ्याचा नायक नगर जिल्ह्यांतला होता. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० सालीं पारनेर येथें झाला. पारनेर म्हणजे पाण्याच्या एकेका घागरीची किंमत जाणणारा तालुका. हा बुद्धिमान विद्यार्थी शिष्यवृत्ति मिळवून १९०४ सालीं एडिंबरोस गेला, तो यंत्रविद्या शिकावयास. पुढें क्रांतिकारकांच्या सहवासांत त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, हा भाग सर्वश्रुत आहे. मुळशीच्या लढ्यानें त्यांना सेनापति हें नांव दिलें.

मुळशी येथें मुळा व निळा या नद्यांच्या संगमाशीं धरण बांधून, तें पाणी घाटाखालीं कोंकणांत सोडून वीज काढावयाची व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. पन्नासच्या आसपास गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. तींही आंबेमोहोर भाताचीं, म्हणजे मावळांतील उत्तम जमिनीचीं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशीं, मावळे कामाच्या जागीं जाऊन बसले आणि काम थांबलें. तें तात्पुरतेंच थांबलें. वर्ष सरण्याच्या आधीं पुन्हां सुरू झालें, आणि मग अटका, शिक्षा यांचें सत्र चाललें.

या लढ्यांत न्यायाची बाजू कोणती हें सांगणें आज वाटतें तितकें तेव्हां सोपें नव्हतें. कंपनी परदेशी नव्हती. विजेनें दगडी कोळसा वांचणार होता, हजारों माणसांस काम मिळणार होतें, आणि पारतंत्र्यांतील देशाला स्वतःचे कारखाने पाहिजेतच होते. शहरांतील अनेक देशभक्तांना म्हणूनच मावळ्यांची बाजू अवघड वाटली. परंतु मुद्दा विजेचा नव्हता. १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्यांत एक स्वतंत्र भाग कंपन्यांसाठीं होता. कंपनीनें सरकारशीं करार करावा आणि सरकारनें आपल्या अधिकारानें रयतेची जमीन घेऊन तिच्या स्वाधीन करावी, अशी सोय त्यांत होती. करार दोघांचा, जमीन तिसऱ्याची; आणि तिसऱ्याच्या संमतीसाठीं त्या कागदावर जागाच ठेवलेली नव्हती. त्यांत आणखी असें कीं, पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. त्यांची नजर मोबदल्यावर होती, कसणाराची जमिनीवर. आणि या फटीनें लढा आंतून फुटला. बापटांनीं वारंवार तुरुंगवास पत्करला. १९२४ सालीं आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरें झालें आणि १९२७ सालीं भिरा येथून मुंबईस वीज जाऊं लागली. यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यानें यंत्राविरुद्ध बंड केलें असें पुष्कळ वेळां म्हटलें जातें, तें बरोबर नाहीं. जमीन घेतांना कसणाराला विचारलें पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ऐशींची संमति पाहिजे, ही अट देशाच्या कायद्यांत आली ती २०१३ सालीं, आणि अंमलांत आली १ जानेवारी २०१४ पासून.

आतां पुन्हां प्रवरेकडे वळावें. प्रवरेच्या कांठीं मुळशीसारखा लढा झाला नाहीं. याचें कारण बहुधा असें कीं, मुळशीचें पाणी घाट उतरून निघून गेलें, प्रवरेचें पाणी दारांत आलें. शिवाय कंपनीनें येथें जमीन बुडविली नाहीं, भाड्यानें घेतली. कर्जानें वांकलेल्या शेतकऱ्याला ठरलेला खंड वर्षाच्या वर्षास हातांत मिळणें हें कांहीं वाईट वाटलें नाहीं. मुदत सरली कीं जमीन आपलीच, असा त्याचा हिशेब होता. मग बांध मोडले, शेतें एकमेकांत मिसळलीं, त्यांवरून उसाच्या वाघिणी ओढणारे कंपनीचे रूळ गेले. जमिनीचा मालक आपल्याच शेतांत रोजानें ऊस तोडूं लागला, असेंही घडलें. कारखान्याभोंवतीं वसाहत, दुकानें, दवाखाना असें एक लहानसें संस्थानच उभें राहिलें. कंपनीनें कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. शास्त्रीय पद्धतीची ऊसशेती, यंत्रशाळा, नियमित पगार या गोष्टी जिल्ह्यानें प्रथम तेथेंच पाहिल्या. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला आणि टिळकनगर, चांगदेवनगर, तसेंच गोदावरीच्या कालव्यांवर साकरवाडी, लक्ष्मीवाडी असे देशी भांडवलाचे कारखानेही उभे राहिले. मालक बदलले, गोरे गेले, आपले आले. खंडाच्या कागदाची भाषा मात्र तीच राहिली.

तिकडे कंपनीच्या हद्दीबाहेर स्वतः ऊस करणारा बागाईतदार गुळाच्या भावानें पार टेंकीस आला होता. जागतिक मंदींत गूळ इतका उतरला कीं कित्येकांस पाणीपट्टीही सुटेना. या परिस्थितींतून जी चळवळ निघाली ती या जिल्ह्याच्या इतिहासांत सर्वांत अभिमानाची म्हणावी लागेल. लोणी बुद्रुक येथें विठ्ठलराव विखे यांनीं १९२३ सालींच सहकारी पतपेढी काढली होती. त्यांचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें, पण व्याज कोठें मुरतें हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. डिसेंबर १९४५ मध्यें बेलापूर रोड, म्हणजे आजचें श्रीरामपूर, येथें दक्षिणेंतील कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनीं स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तेथें पुढें आला. अर्थशास्त्राचा पंडित आणि खेड्यांतील शेतकरी यांची अशी जोडी आपल्याकडे क्वचितच जमते. विखे गांवोगांव हिंडून भाग गोळा करीत होते. गाडगीळ सरकारदरबारीं व कर्ज देणाऱ्या संस्थांपुढें आंकडे मांडीत होते. मुंबई सरकारांत वैकुंठभाई मेहता यांच्यासारखे सहकाराचे जाणते पुरस्कर्ते होते. ३१ डिसेंबर १९५० रोजीं प्रवरानगरच्या कारखान्यांत पहिला ऊस पडला. ज्याचा ऊस त्याचाच चरक, आणि चरकावर देखरेख करणारें मंडळ त्यानेंच निवडलेलें. यंत्र तेंच होतें, पाणीही तेंच. मालकी तेवढी बदलली होती.

मग खंडानें दिलेल्या जमिनींचें काय झालें? ही या कथेंतली सर्वांत कडू बाजू आहे. १९४८ सालीं मुंबई राज्याचा कुळकायदा झाला. कसणाराला जमीन मिळावी हें त्याचें तत्त्व होतें, आणि तें योग्यच होतें. पण प्रवरा-गोदावरीच्या कांठीं चित्र उलटें होतें. येथें कूळ होती ती बलाढ्य कंपनी, आणि जमीनमालक होता तो पांच-दहा एकरांचा कर्जबाजारी शेतकरी! उसासाठीं कारखान्यांनीं खंडानें घेतलेल्या जमिनींस पुढें त्या कायद्यांतून सूट मिळाली. म्हणून कंपनी मालक झाली नाहीं, आणि मालकाच्याही हातीं जमीन आली नाहीं. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. त्यानें कंपन्यांच्या ताब्यांतील मोठमोठीं क्षेत्रें सरकारकडे आलीं, आणि १९६३ सालीं तीं कसण्यासाठीं महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालें. उसाचे सलग मळे तोडले तर उत्पादन घटेल व कारखाने बंद पडतील, हें त्यामागचें कारण. तें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. तरीपण ज्यानें आपली जमीन ठराविक मुदतीनें दिली होती, त्याला ती कंपनी जाऊनही मिळूं नये, आणि तीही स्वतःच्या लोकांचें राज्य असतांना, याची संगति कशी लावावी? खंडकरी शेतकरी म्हणून त्यांचा एक वर्गच ओळखला जाऊं लागला. मोर्चे झाले, दावे झाले, निवडणुकींत आश्वासनें झालीं. कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रत्यक्ष जमिनी परत मिळूं लागल्या त्या २०१२ सालानंतर, म्हणजे ज्यांनीं खंडपत्रावर अंगठे उठविले त्यांच्या नातवंडांना व पणतवंडांना. हरेगांवच्या बाजूच्या नऊ गांवांतील जमिनींचा वाद तर, ज्यांना तिकडे आकारी पडीक म्हणतात, शतक उलटेपर्यंत चालूच राहिला.

दरम्यान सहकारी कारखाने वाढले. त्यांच्याबरोबर शाळा, महाविद्यालयें, इस्पितळें आलीं. खेड्यांतील मुलगा वैद्य व इंजिनियर झाला, ही किमया खरीच आहे. पण चरकाच्या मालकीबरोबर दुसरीही एक गोष्ट आली. जो कारखाना चालवी त्याच्या हातीं तालुक्याचें राजकारण जाई, आणि ज्याच्या हातीं राजकारण त्याचा शब्द पाण्याच्या पाळीपर्यंत पोंचे. भागधारक पुष्कळ ठिकाणीं केवळ सभेपुरता मालक उरला. कंपनीला जाब विचारतां येत नव्हता. संचालकाला विचारतां येत होता, पण तो बहुधा आपलाच नातलग किंवा सोयरा निघे. ऊस मात्र कोणाच्याही अमलांत कमी झाला नाहीं. क्षेत्र थोडें आणि पाणी मोठें, अशी त्याची रीत. कालव्याच्या शेवटाला, ज्याला शेतकरी टेल म्हणतात तेथें, पाळी पोंचेपर्यंत पिकें सुकत. अति पाण्यानें कालव्यालगतच्या जमिनी चोपण झाल्या हें आणखी वेगळेंच.

१८७९ चा पाटबंधाऱ्यांचा कायदा जाऊन त्याच्या जागीं १९७६ सालीं महाराष्ट्राचा नवा कायदा आला. २००५ सालीं पाण्याच्या वाटपासाठीं स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचा कायदा झाला, आणि नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठीं पाणी किती सोडावें याचा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१६ सालीं निकाल लागला. खालच्यांचाही नदीवर हक्क आहे ही गोष्ट प्रवरेच्या बागाईतदाराला कडू लागली, हें समजण्यासारखें आहे. तरी तीच गोष्ट त्याच्या टेलच्या शेजाऱ्याची कित्येक वर्षांची तक्रार होती.

भंडारदऱ्याच्या खालीं, त्याच प्रवरेवर, निळवंडें येथील धरणाला १९७० सालीं मंजुरी मिळाली होती. जुन्या कालव्यांनीं वगळलेल्या अकोलें, संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगांव आणि सिन्नर या तालुक्यांतील कोरड्या गांवांसाठीं तें होतें. धरण बांधून पाणी अडलें, तरी कालवे रखडले. डाव्या कालव्यांत चांचणीचें पहिलें पाणी सुटलें तें ३१ मे २०२३ रोजीं.